पुसलेली फुली

निरवांगीच्या फाट्यावर श्रीपतीची वेल्डिंगची शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, गेटं, गोठ्याचे गज, मोडलेले नांगर, जे येईल ते तिथं जोडून मिळतं. या शेडमध्ये तीस वर्षं एक कायदा चालत आला होता. दोन तुकडे नुसते टाके मारून उभे केले, की जोडावर खडूची फुली मारायची. पुढं पुरं वेल्डिंग झालं, वरची काळी खपली हातोडीनं उडवली, बोट फिरवून बघितलं, की ज्यानं वेल्डिंग केलं त्यानंच ती फुली पुसायची. रंगारी दीपक फुली दिसली तर त्या लोखंडाला ब्रश लावत नसे, मग गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं का असेना. कायदा श्रीपतीनंच घातलेला. तो मोडला तोही त्यानंच, म्हणून ही गोष्ट.

भाद्रपद संपत आला होता. कारखाना पेटायला महिना-दीड महिना उरला की श्रीपतीच्या शेडमध्ये दम खायला सवड नसते. बावड्याच्या विजयसिंहांच्या दोन नव्या ट्रॉल्या अंगणात उभ्या होत्या आणि त्या खंडेनवमीला द्यायच्या होत्या. नवमीला गिऱ्हाईकं शेडमध्येच येऊन आपल्या गाडीला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि गाडी घेऊन जातात. श्रीपतीच्या घरात बुद्धवंदना चालते, त्या पूजेत त्याला काही करायचं नसतं. तो बाजूला उभा राहतो आणि त्याची बायको केसरबाई सगळ्यांना चहा देते. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, कुणाला त्यात अवघडल्यासारखं होत नाही.

त्या घाईत विजयसिंहांची मुलगी सुप्रिया आपली जीप घेऊन आली. बारामतीला शिकून आल्यापासून बापाचा ऊस तीच बघते आणि सवड मिळाली की खडकांतून जीप घालण्याचा तिला नाद. दारांच्या खालची पत्र्याची कड दगडावर आपटून चेपली होती. तिला दोन्ही बाजूंना दारांखाली जाड पाइपांचे गार्ड हवे होते, असे की गाडी खडकावर टेकली तरी वजन गार्डनं घ्यावं आणि पत्रा वाचावा. दसऱ्याला बारामतीकडच्या जीपवाल्यांची स्पर्धा होती, त्याच्या आत काम व्हायला पाहिजे होतं.

तिच्याबरोबर विजयसिंहही आपल्या मोटारीतून आले होते. ते खाली उतरले नाहीत. वीस वर्षांत ते या अंगणात कधीच उतरले नव्हते. काच चार बोटं खाली करून बोलायचं आणि निघायचं, ही त्यांची रीत. श्रीपती त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी ते त्याला नुसतं श्रीपती म्हणत. पोरीचं खूळ आहे, करून टाक, असं ते आतूनच म्हणाले आणि गेले.

सुप्रिया मात्र पोतं अंथरून जीपखाली सरपटली. श्रीपतीचा मुलगा बुद्धघोष दुसऱ्या बाजूनं आत शिरला. आयटीआय करून तो पाच वर्षं बापाच्या हाताखाली होता आणि ट्रॉल्यांना पुरता विटला होता. हे नवं काम बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं पुठ्ठा कापून चासीच्या आकाराचा नमुना काढला, बोल्ट कुठं बसतील ते पेन्सिलनं टिपलं.

बोल्ट म्हटल्यावर श्रीपतीचं डोकं सरकलं. ट्रॉलीला त्यानं जन्मात कधी असला बोल्ट लावला नव्हता. सरळ चासीला धरायचं आणि वेल्डिंग मारायचं, बैल मरेल पण जोड सुटणार नाही.

"बोल्ट ढिला पडतो," तो म्हणाला. "वेल्डिंग कधी ढिलं पडलंय का?"

"आबा, ही ट्रॉली न्हाय. चासीला आच दिली तर चासीच कमजोर पडंल. आन् हिच्यात सगळी इलेक्ट्रिकची भानगड, कायतरी जळून बसंल."

सुप्रियानंही त्याचीच री ओढली, तेव्हा श्रीपतीनं हट्ट सोडला. ठरलं ते असं, की प्रत्येक गार्डला जाड पाटीचे तीन पाय करायचे, पाटीचं एक टोक पाइपाला वेल्ड करायचं आणि दुसरं चासीला बोल्टनं आवळायचं. म्हणजे जोर सगळा त्या पायांच्या जोडावर. तो जोड पक्का तर गाडी पक्की.

पाइपाची दोन्ही टोकं चाकांजवळ जरा आत वळवायची होती. बुद्धघोष म्हणाला, बारामतीला मशिनवर वाकवून आणू. श्रीपतीला हे लागलं. त्यानं नीरा नदीची वाळू घमेल्यात घेतली आणि केसरबाईच्या चुलीवर तासभर भाजली, कारण ओली वाळू तापलेल्या पाइपात बंदुकीसारखी उडते. केसरबाई म्हणाली, आता जेवायला हीच वाढू का. त्यानं लक्ष दिलं नाही. वाळू पाइपात ठासून भरली, दोन्ही टोकांना बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, गॅसच्या आचेनं पाइप लाल केला आणि दांडा घालून अंगाच्या वजनानं हळूहळू ओढला. पाठीच्या शिरा तटतटल्या, घाम नाकावरून तापल्या लोखंडावर पडून चुरचुरला. हात कोपरात दुमडावा तसा पाइप वळला आणि कुठं म्हणून चपटा झाला नाही.

सुप्रियानं वळणावरून हात फिरवला. "तात्या, मशिनला पण असं येत न्हाय."

श्रीपतीला आनंद झाला, आणि तो त्यानं लपवलाही नाही. त्या दिवशी फाट्यावर चहाला आलेल्या प्रत्येकाला त्यानं ते वळण दाखवलं. आणि त्याच भरात तो मुलाला म्हणाला, डाव्या बाजूचं वेल्डिंग तू कर, उजव्या बाजूचं मी करणार. बुद्धघोषनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, आबा, बारीक काम आहे. तुला हँडल धरायला कुणी शिकवलं, असं श्रीपतीनं विचारलं. मुलानं उजवा गार्ड त्याच्याकडं सरकवला.

खरी गोष्ट ही होती, की श्रीपतीला दिसत नव्हतं. अगदी आंधळा नव्हे. माणसं ओळखू यायची, रस्ता दिसायचा. पण नागपंचमीच्या सुमारापासून दोन्ही डोळ्यांपुढं दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. वेल्डिंग करताना काळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाचा थेंब दिसावा लागतो. थेंब फटीत पडला तर जोड, बाजूला पडला तर नुसता गोळा. श्रीपतीला आता थेंबाच्या जागी एक फुललेला उजेड दिसायचा, आणि फट कुठं आहे ते तो सवयीनं ठरवायचा.

केसरबाईला कळलं होतं. तो पेपर नुसता हातात धरून बसतो, चहाचा ग्लास दगडाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवतो, हे तिनं पाहिलं होतं. बारामतीला मोतीबिंदूचं शिबिर होतं, ती दोनदा म्हणाली. हंगाम जाऊ दे, असं तो म्हणाला.

"तुमचं डोळं काय कारखान्यावर चालत्यात व्हय?" ती म्हणाली.

त्याला भीती ऑपरेशनची नव्हती. श्रीपतीला दिसत नाही, एवढे तीन शब्द फाट्यावर पसरले की झालं. त्याचा बाप लोकांच्या बांधावर भाकरीसाठी उभा राहायचा. श्रीपतीच्या दारात मात्र मोठे मोठे बागायतदार ट्रॉल्या घेऊन येत, आणि काच चार बोटंच का होईना, खाली करून बोलत. हे सगळं त्याच्या हातावर उभं होतं. हातावरचा विश्वास उडाला तर उरणार काय, या विचारानं त्याला रात्री झोप लागेना आणि दिवसा एका जागी बसवेना.

अष्टमीच्या दुपारी बुद्धघोष बोल्ट आणायला वालचंदनगरला गेला होता. शेडमध्ये श्रीपती एकटाच. उजवा गार्ड लोखंडी घोड्यांवर आडवा ठेवलेला, तिन्ही पाय टाक्यांवर उभे, तिन्ही जोडांवर फुल्या. त्यानं पुढचा पाय केला, मागचा केला. मग मधला. मधल्या पायावर सगळ्यात जास्त वजन येणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वेल्डिंगची सगळी कांडी वितळेपर्यंत त्यानं श्वास धरून ठेवला. काच वर केली, खपली उडवली आणि बोट फिरवलं.

वेल्डिंग जाड, सुबक बसलं होतं. पण बसलं होतं पाटीवर. पाइप आणि पाटीच्या मधली फट जशीच्या तशी होती, त्याच्या नखाला लागत होती. दोन बोटं लांबीत कुठंतरी पकड होती, बाकी सगळं शेजारी. श्रीपतीनं दुसऱ्यांदा बोट फिरवलं, जसं काही तेवढ्यानं फट भरून येणार होती.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ग्राइंडरनं उडवायचं आणि पुन्हा करायचं, किंवा मुलाला सांगायचं. पण तेवढ्यात फाट्यावर बुद्धघोषची मोटारसायकल वाजली. आल्या आल्या तो जोडांकडं बघणार, फुली दिसली की बोट फिरवणार. श्रीपतीचा हात उठला आणि अंगठ्यानं त्यानं तिन्ही फुल्या पुसून टाकल्या. जेवण झाल्यावर पोरगा जरा आडवा होईल, तेव्हा मधला पाय उघडून परत करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पण पोरगा आडवा झालाच नाही. आणि तीन वाजता दीपक रंगारी आला. दुसऱ्या दिवशी नवमी, तेव्हा अंगणातलं सगळं लोखंड रंगवून व्हायला पाहिजे, कोरं लोखंड पूजेला कोण ठेवतं. त्यानं दोन्ही गार्ड उलटेसुलटे करून बघितले, कुठं फुली नाही, आणि काळा रंग मारला. रंग फटीत जाऊन बसला आणि जोड अखंड दिसू लागला. श्रीपती दहा पावलांवर उभा राहून बघत होता. दोनदा त्याचं तोंड उघडलं. एकदा तो म्हणाला, ब्रशाचे केस गळतायत बघ. दुसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही.

संध्याकाळी सुप्रिया आली आणि गार्ड चढवले. श्रीपती उजव्या बाजूला जीपखाली उताणा पडून पाना ओढत होता. मधला पाय त्याच्या तोंडापासून वीतभर वर होता. बाहेर विजयसिंहांची मोटार येऊन थांबली. श्रीपतीनं केलंय का, मग बघायला नको, असं ते मुलीला म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं, तेही नेमकं आजच केलं. श्रीपतीनं पाना आणखी एक आटा ओढला आणि तो खालून बाहेर आला. जीप रात्रभर इथंच राहणार होती. पहाटे उठून एकट्यानं मधला पाय सोडवायचा, एवढंच त्यानं धरून ठेवलं.

रात्रभर तळमळून पहाटे त्याचा डोळा लागला, आणि उठला तेव्हा जीप नव्हती. केसरबाई म्हणाली, पोरगी उजाडतानाच येऊन घेऊन गेली, तुम्हाला उठवू नका म्हणाली. दसऱ्याच्या आधी एकदा सराव करायचा म्हणून बावड्याच्या अलीकडच्या जुन्या दगडखाणीत चाललीय. केसरबाई दुसऱ्या दिवसाची पांढरी लुगडी इस्त्री करत होती. अशोक विजयादशमीचा कार्यक्रम विहारात होता, आणि बुद्धघोष त्यासाठी पंचशील झेंडे आणायला बारामतीला गेला होता.

श्रीपती अंगणात आला. परत आत गेला. पाणी प्यायला तांब्या घेतला आणि न पिताच ठेवला. त्या खाणीतनं त्यानं तरुणपणी खडी फोडली होती, तिथले दगडी टप्पे त्याला माहीत होते. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खोल खड्डा. गाडी उजव्या कुशीवर खडकावर टेकली आणि मधला पाय सुटला, तर उरलेले दोन पाय ते वजन पेलणार नव्हते, गाडी घसरून खड्ड्यातच.

खिशात फोन होता. सुप्रियाचा नंबर त्याच्याकडं नव्हता, पण विजयसिंहांचा होता. त्यानं बटण दाबलं आणि एक रिंग वाजताच कापलं. मग मुलाला लावला. बुद्धघोष म्हणाला, काय आबा. श्रीपती म्हणाला, झेंडे मिळाले का. मिळाले. बरं, असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि स्वतःच्याच कपाळावर मूठ मारली. किती हलकट आहेस, असं तो मोठ्यानं म्हणाला. केसरबाईनं इस्त्री थांबवून बघितलं.

तेवढ्यात दीपक ट्रॉल्यांवर नावं काढायला आला. श्रीपतीनं त्याच्या हातातला डबा खाली ठेवला आणि गाडी काढ, बावड्याकडं चल, एवढंच सांगितलं.

रस्ता नवमीचा होता. कालव्यावर ट्रॅक्टर धुवायला लागलेले, पाण्याचे ओहोळ डांबरावर आलेले, दारादारांत झेंडूचे ढीग. एका वळणावर चार ट्रॅक्टर वाट अडवून उभे, पोरं टायरांना चुना लावत होती. दीपक मजेत चालवत होता. गाडी कशी चढते बघायची हाय व्हय तात्या, असं त्यानं विचारलं. श्रीपती मागं बसून त्याच्या खांद्याला नख लागेल इतकं घट्ट धरून होता. वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि समोरचं सगळं पिवळं-हिरवं एकात एक मिसळलं होतं. पळव, एवढंच तो म्हणाला.

खाणीपाशी पाच-सहा जिपा उभ्या होत्या. तरुण पोरं फोन वर धरून शूटिंग करत होती. श्रीपतीला वरच्या टप्प्यावर एक लाल डाग हलताना दिसला. त्यानं हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात त्याची त्यालाच ऐकू आली नाही. जीपची उजवी बाजू खडकाच्या कडेवर चालली होती. मग तो सरळ वर चढला. एकदा पाय घसरून गुडघा फुटला. कुणीतरी ओरडलं, ओ बाबा, बाजूला व्हा. तो बाजूला झाला नाही. गाडी येईल त्या वाटेवर हात वर करून उभा राहिला, आणि ती किती लांब आहे हे त्याला नीटसं कळतही नव्हतं.

ब्रेक करकचले. सुप्रिया दार उघडून उतरली.

"तात्या, मेला असता की तुमी."

"उजव्या अंगानं टेकवू नगंस," तो म्हणाला. "मधला पाय धरलेला न्हाय. माझं वेल्डिंग बाजूला पडलंय."

पोरं भोवती जमली. एकजण खाली वाकून बघून म्हणाला, जोड तर झकास दिसतोय. म्हाताऱ्याला ऊन लागलंय, असं मागून कुणीतरी हळू बोललं आणि दोघं हसले. श्रीपतीनं ते ऐकलं. हसणाऱ्यांकडं न बघता त्यानं सुप्रियाला विचारलं, तुझा उंच जॅक कुठाय.

गाडी हळूहळू मागं घेऊन सपाटीवर आणली. सगळ्यांना लांब उभं करून सुप्रियानं मधल्या पायाशी गार्डखाली जॅक लावला आणि दांडा मारायला सुरुवात केली. गाडीची उजवी बाजू उचलली. टायर जमिनीवरून सुटायच्या बेताला आला आणि काळ्या रंगाला केसाएवढी चीर पडली. पुढच्या दांड्याला कडकन आवाज झाला. मधला पाय पाइपापासून उकलला, पाठोपाठ मागचाही. जॅक आडवा उडाला आणि जीप धाडकन टायरांवर बसून हलत राहिली.

सुप्रिया वळून वरच्या टप्प्याकडं बघत राहिली, जिथं पाच मिनिटांपूर्वी ती होती. मग ती खाली बसली.

"काल का न्हाय बोलला?" तिनं विचारलं.

श्रीपतीला खूप कारणं आठवली. दीपक आला, तुझे वडील आले, पोरगा झोपला नाही. त्यातलं एकही त्याच्या तोंडातून निघालं नाही.

"मला दिसत न्हाय," तो म्हणाला. "आन् त्ये कुणाला कळू नये म्हून फुली पुसली."

दीपकनं मान खाली घातली. रंग त्यानं दिला होता, त्या फुलीच्या भरवशावर. सुप्रियानं बोल्ट सोडवून फुटलेल्या पायाची पाटी काढली, त्यावरची सुबक, जाड, बिनकामाची रेघ बोटानं चाचपली.

"तात्या, आमच्या ट्रॉल्या कुणी जोडल्यात?"

श्रीपतीनं डोळे मिटले. हा प्रश्न त्याला रात्रीपासून ऐकू येत होता, त्यानं फक्त त्याच्याकडं पाठ केली होती. दोन्ही ट्रॉल्यांची चौकट श्रावणातली, त्याच्या हातची. ट्रॅक्टरला अडकवायच्या दांड्याचा जोडही त्याचाच, तो तर त्यानं मुलाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. दहा-दहा टन ऊस घेऊन त्या कारखान्याच्या रस्त्याला लागणार होत्या. मागून शाळेची पोरं सायकलवर.

"चल लवकर," तो म्हणाला. "आज न्यायच्यात त्या."

उजवा गार्ड सोडवून मागं टाकला आणि सुप्रियानं त्याला पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत त्यानंच मुलाला फोन लावायला सांगितलं. या वेळी झेंड्यांचं विचारलं नाही. सगळं एका दमात सांगितलं.

"आलो," बुद्धघोष म्हणाला. "तवर ट्रॉल्या हलू देऊ नगा."

अंगणात पूजा उरकली होती. दोन्ही ट्रॉल्यांना झेंडूचे हार, दांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, खोबऱ्याचे तुकडे ताटलीत. ड्रायव्हर ट्रॅक्टर मागं घेऊन अडकवायच्या तयारीत होता. विजयसिंह मोटारीत बसून काचेतून बघत होते. केसरबाईनं श्रीपतीचा फुटका गुडघा बघितला, तोंड बघितलं, आणि काही न विचारता चहाचा ट्रे खाली ठेवला.

श्रीपती शेडमध्ये गेला आणि कोनाड्यातून खडू घेऊन आला. ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या मधे उभा राहिला. ड्रायव्हरला म्हणाला, बंद कर. मग वाकून दांड्याच्या जोडावर, स्वस्तिकाला धक्का न लावता, त्याच्या शेजारी फुली मारली.

विजयसिंहांनी काच खाली केली. "श्रीपती, नारळ फुटलाय. आता कसल्या खुणा करतोस?"

"कच्च्या जोडाच्या." तो सरळ उभा राहिला. "ह्या हंगामातलं माझं येकबी वेल्डिंग पक्कं धरू नगा. मला दिसत न्हाय."

झाले ते शब्द बोलून. फाट्यावरची चहाची टपरी, पूजेला आलेले चार शेजारी, सगळ्यांनी ऐकले. श्रीपतीला वाटलं होतं, आता जमीन फाटेल. जमीन काही फाटली नाही. तो पुढच्या जोडाकडं गेला, बोटानं फट शोधली, फुली मारली. मग त्याच्या पुढच्या. चौकटीच्या आडव्या पट्ट्या, कोपरे, ॲक्सलच्या पाट्या. दिसत नव्हतं तिथं तो गुडघ्यावर बसून चाचपत होता, फुटलेल्या गुडघ्यातून रक्त पायजम्यावर येत होतं. लाल चकाकत्या रंगावर पांढऱ्या फुल्या वाढत चालल्या. सगळ्याच जोडांवर करणार काय, असं कुणीतरी विचारलं. जिथं माझा हात लागलाय तिथं, असं तो म्हणाला.

सुप्रिया बापाच्या मोटारीपाशी गेली. फुटलेल्या पायाची पाटी तिनं खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात काय ते सांगितलं. विजयसिंह पाटीकडं बघत राहिले, मग मुलीकडं. आणि मग मोटारीचं दार उघडलं.

ते अंगणात उतरले. पांढऱ्या चपला खडीच्या कचात आणि तेलाच्या डागांत पडल्या. ते श्रीपतीशी एक शब्द बोलले नाहीत. शिवी देतील असं बुद्धघोषला वाटलं, तो नुकताच मोटारसायकल उभी करून झेंड्यांची पिशवी हातात घेऊन आला होता. विजयसिंहांनी पुढं होऊन दांड्यावरचा झेंडूचा हार स्वतःच्या हातानं काढला, म्हणजे ग्राइंडर लावायला जागा झाली. दुसऱ्या ट्रॉलीचाही काढला. दोन्ही हार हातात धरून ते कुठं ठेवावेत हे न कळून उभे राहिले, तेव्हा केसरबाईनं पुढं होऊन ते घेतले.

बुद्धघोषनं पिशवी तिच्याकडं दिली आणि ग्राइंडर उचलला. दांड्याच्या जोडावरचा रंग उडाला, ठिणग्या श्रीपतीच्या पायापर्यंत आल्या. तो तिथंच उभा राहून ऐकत होता. लोखंड कसं वाजतं ते त्याला डोळ्यांशिवाय कळत होतं, आणि हे पोकळ वाजत होतं. बुद्धघोषनं मशीन बंद केलं, वाकून बघितलं, बोट फिरवलं. बापाकडं बघायचं त्यानं टाळलं.

"किती धरलाय?" श्रीपतीनं विचारलं.

"अर्धा."

श्रीपतीनं मान हलवली. उरलेला खडू त्यानं मुलाच्या शर्टाच्या खिशात घातला. मग अंगठ्याकडं बघितलं, अष्टमीच्या दुपारी ज्यानं पुसलं होतं त्याच अंगठ्याकडं, आणि तो पायजम्याला घासला.

"फुली आजपासनं तूच पुसायची," तो म्हणाला. "मी पुसलेली दिसली तर जोड उघडून बग."